पंचफुला ढोके यांची पात्रता

बिनचालकाची गाडी स्वप्नात बिघडते, म्हणून ती दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला गाढ झोप येणं आवश्यक असतं, आणि आमच्या जिल्ह्यात ही झोप तपासायचं काम माझ्याकडे आहे.

मंडळाचं पूर्ण नाव लांबलचक आहे, ते पाटीवरही नीट बसत नाही. लोक सरळ ‘झोप ऑफिस’ म्हणतात आणि आम्ही त्याचं वाईट वाटून घेत नाही. माझं नाव मुरलीधर असनारे, पद शयन-निरीक्षक. या पदाची अट अशी की माणसाला स्वतःला स्वप्नं पडता कामा नयेत, आणि कामावर असताना त्याला डुलकी लागता कामा नये. मला जन्मात स्वप्न पडलेलं नाही. शाळेत मुलं आपापली स्वप्नं सांगायची तेव्हा मी गप्प बसायचो आणि घरी येऊन आईजवळ रडायचो. पुढे त्याच उणिवेवर नोकरी लागली. कामावर डुलकी तर मी आजवर घेतलेली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा गर्वच होता.

कामाचं स्वरूप साधं आहे. गाडी दिवसभर माणसं नेते-आणते, आणि उभी केली की झोपते. झोपली की तिला रस्ते दिसायला लागतात. त्या रस्त्यांवर एखादी गोष्ट ढिली झाली, किंवा नको ती येऊन बसली, की जागेपणी गाडी चुकायला लागते. मागे एका डॉक्टरांची गाडी मोकळ्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारायची. मिस्त्री मागच्या सीटवर झोपला, तिच्या स्वप्नात गेला, तर रस्त्याच्या मधोमध म्हैस बसलेली. रवंथ पुरता होईपर्यंत ती उठेना, म्हणून त्याला यायला उशीर झाला. पण गाडी नीट झाली, आणि कामाच्या तपशिलात त्याने ‘म्हैस उठवली’ असंच लिहून दिलं.

मिस्त्रीच्या परवान्यासाठी आम्ही तीन गोष्टी पाहतो. पाठ टेकल्यावर झोप लागते का, ती परक्याच्या गाडीत लागते का, आणि काम झाल्यावर माणूस आपला आपण जागा होतो का. मिस्त्री स्वप्नात शिरला की गाडीचा डावा इंडिकेटर आपोआप लुकलुकायला लागतो, त्यामुळे लबाडीला जागा नाही. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणतात. आम्ही त्याला जागं करायच्या भानगडीत पडत नाही, नापास करतो.

सुरुवातीला फार रडारड झाली. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारे जुने मिस्त्री एकजात नापास झाले, कारण गाडीत बसलं की त्यांचे कान टवकारले जायचे. उलट ज्यांना घरच्यांनी आयुष्यभर कुंभकर्ण म्हणून हिणवलं, त्यांचं नशीब उघडलं. बसस्टँडसमोर झोपेचे क्लास निघाले. पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो चौकात लागले, सगळे डोळे मिटलेले. एका आईने मला रस्त्यात थांबवून सांगितलं, "साहेब, हा दहावीत झोपत होता तं मी याले लाटण्यानं मारलं. मले काय माहीत, थो अभ्यास करून राहिला म्हनून."

या सगळ्यांत आमच्या तालुक्यातला पहिल्या नंबरचा मिस्त्री म्हणजे मोझरखेडचा अंबादास ढोके. पाठ टेकली की गेला. परीक्षेच्या दिवशी मी नाव विचारलं, त्याने ‘अंबा’ म्हटलं आणि ‘दास’ म्हणायच्या आत इंडिकेटर सुरू झाला. पुढे कितीतरी गाड्या त्याने नीट केल्या. मग गेल्या पोळ्याच्या सुमारास सूतगिरणीची पांढरी गाडी त्याच्याकडे आली. ती माणसांना जिथून उचलायची तिथेच परत आणून सोडायची. अंबादास जेवला, हात पुसले, तिच्या मागच्या सीटवर आडवा झाला आणि आत गेला. तो परत आला नाही.

म्हणजे माणूस तिथेच होता. श्वास चालू होता, अंग गरम होतं. स्वप्नात गेलेल्या मिस्त्रीला भूक लागत नाही, दाढी मात्र वाढते. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तो उठला नाही. तालुक्यातले बाकीचे मिस्त्री त्या गाडीला हात लावायला तयार होईनात. जिथून अंबादास आला नाही तिथून आपण काय येणार, असं त्यांचं म्हणणं. आणि ज्याच्याकडे परवाना नाही तो त्या गाडीत झोपायला लागला की सीट अशी काही किंचाळते की शेजारचे धावत येतात.

शेवटी उन्हाळ्यात गिरणीने कळवलं की पावसाळ्याआधी गाडी भंगारात काढू. गाडी मोडली की तिचं स्वप्न मोडतं, आणि आत जो असेल तो आतच राहतो. हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच आठवड्यात अंबादासची बायको पंचफुला ढोके परवान्याच्या परीक्षेला बसली.

तोंडी परीक्षा आमचे अध्यक्ष मोहोड साहेब घेतात. पंचफुलाबाई डोक्यावरचा पदर सावरून खुर्चीच्या टोकावर बसल्या.

"शिक्षण?" मोहोड साहेबांनी विचारलं.

"सातवी. पन काम येते मले साहेब. यायले हत्यारं देता देता सगळं शिकनं झालं."

"हत्यारांचं आम्ही विचारत नाही. झोप कशी आहे?"

"चांगली हाय ना. घरातल्या सगळ्यायची झाली का मंग माही."

मोहोड साहेबांनी ‘समाधानकारक’ असा शेरा मारला. मीही शेजारीच बसलो होतो. बाईंनी आपली अडचण पहिल्याच उत्तरात स्पष्ट सांगितली होती, आणि आम्हा दोघा पगारी माणसांना ती ऐकू आली नाही.

प्रत्यक्ष परीक्षा ऑफिसच्या आवारात कडूनिंबाखाली होते. परीक्षेची गाडी तिथे कायम उभी असते. मे महिन्याची दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि उमेदवाराला उकडू नये म्हणून कूलरचं तोंड गाडीच्या खिडकीला लावलेलं होतं. अशा हवेत दगडालाही झोप लागते. पंचफुलाबाई मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन निजल्या, तोंडावर पदर ओढला, आणि जराशाने पदराआडून म्हणाल्या, "भाऊ, पानी पायजे का?"

आमचा शिपाई नत्थूजी खोकला होता.

मी त्यांना निजायला सांगितलं. त्या पुन्हा निजल्या. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली. "साहेब, दूध उतू चाललं वाट्टे कुठी." मी उठून पाहिलं. ऑफिसमागच्या चहावाल्याचं दूध खरोखरच काठाला आलं होतं. इंडिकेटर काही लुकलुकला नाही. पहिला प्रयत्न गेला.

दुसऱ्या वेळी त्यांनी मनाशी काही ठरवून आल्यासारखे डोळे घट्ट मिटले आणि अजिबात हालचाल केली नाही. श्वाससुद्धा संथ होता. नत्थूजी मला खूण करून म्हणाला, लागली. पण इंडिकेटर थंडच. तेव्हा मी एक जुनी युक्ती केली. मी गाडीच्या दारावर बोटाने हळूच टकटक केली.

पंचफुलाबाई ताडकन उठून बसल्या. "आले का?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आवाराकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. इतका वाईट पडलेला चेहरा मी परीक्षेत नापास झालेल्या कोणाचाच पाहिला नव्हता. मी नत्थूजीला पाणी आणायला पाठवलं.

"बाई, झोप का लागत नाही तुम्हाला?" मी विचारलं. हा प्रश्न निरीक्षकाने विचारायचा नसतो.

"खरं सांगू साहेब? लग्न झालं तवापासून हे घरी आल्याबिगर मी कधी डोया लावला नाही. सासरे होते तवा ते यायचे, मंग दीर यायचे, मंग हे. सगळे आले, जेवले, लवंडले, का मंग मी. हे गाडी नीट कराले जायचे, तं कधी सकाळीच यायचे. मी बसून राहायची. सवय हाय ते. आता हे अजून घरी आले नाही. मंग मी झोपू कशी? अन् झोपल्याबिगर यायले आनू कशी?"

मी ऑफिसात जाऊन नियमावली पाहिली. अशा उमेदवाराबद्दल तिच्यात काही नव्हतं. तीन वेळा नापास होणारा मात्र कायमचा अपात्र ठरतो, एवढं होतं, आणि उमेदवार आजारी, बाळंतीण किंवा पायाने अधू असल्यास निरीक्षकाने त्याच्या घरी जाऊन परीक्षा घ्यावी, असंही होतं. मी ते कलम पुन्हा पुन्हा वाचलं. पंचफुलाबाई यांपैकी काहीच नव्हत्या. मी त्यांच्या नावापुढे ‘आजारी’ असं लिहिलं. आजाराच्या रकान्यात ‘जागरण’ लिहिलं. मोहोड साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"असनारे, जागरण आजार कधीपासून झाला?"

"यांच्या लग्नापासून, साहेब," मी म्हणालो. त्यांनी सही केली. त्यांच्या घरीही बायको होती, त्यांना काहीतरी आठवलं असावं.

मोझरखेडला मी पोचलो तेव्हा ऊन नुसतं वर टांगल्यासारखं झालं होतं आणि गावातली कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडली होती. ढोक्यांचं घर साधं, पुढे मोठं अंगण, अंगणात टिनाच्या शेडखाली ती पांढरी गाडी. मागच्या सीटवर अंबादास एका कुशीवर निजलेला. अंगावर धुतलेली चादर, डोक्याखाली कापसाची उशी, दाढी नीट कातरलेली. गाडीच्या काचेला पंचफुलाबाईंनी ओलं फडकं लावलं होतं, ते वाळलं की त्या पुन्हा भिजवायच्या. मी नियमाप्रमाणे तात्पुरती परवानगी काचेवर चिकटवली, म्हणजे सीट किंचाळणार नव्हती, आणि परीक्षा सुरू झाल्याचं जाहीर केलं.

त्या पुढच्या सीटवर निजल्या. काही झालं नाही.

"बाई, आता तर ते घरी आहेत," मी म्हणालो. "इथे तुमच्या अंगणात आहेत."

"अंगन म्हंजे घर नाही साहेब. हे कामावर गेले ते अजून कामावरच हायेत."

बाईंचं म्हणणं बरोबर होतं. मी उन्हात उभा राहून विचार केला. माझ्या नोकरीत मी विचार फारसा केलेला नाही, नियम पुरेसे असतात. पण उद्या गिरणीचे लोक दोर घेऊन येणार होते, आणि हा शेवटचा प्रयत्न होता.

"बरं," मी म्हणालो, "ते घरी आले म्हणजे काय काय होतं? पहिल्यापासून सांगा."

"काय होते म्हंजे? येतात. पायातलं दाराशी काढतात. मी पाय धुवाले पानी देते. मंग जेवतात. मंग लवंडतात."

"चला तर मग," मी म्हणालो, आणि कोट काढून खाटेवर ठेवला.

गाडी झोपलेली होती, तिला ढकलावीच लागली. मी मागून आणि पंचफुलाबाई दाराशी, असे आम्ही ती गाडी अंगणातून घराच्या उंबऱ्यापर्यंत नेली. अंबादासची मान हलू नये म्हणून त्या मधूनमधून थांबवायच्या आणि उशी सारखी करायच्या. मागचं दार उंबऱ्याला अगदी लागून आलं तेव्हा त्यांनी ते उघडलं, नवऱ्याचे पाय बाहेर घेतले, चपला काढल्या आणि दाराशी नीट ठेवल्या. गडव्यातून पाणी घालून पाय धुतले, पदराने पुसले. धुता धुता त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "लय उशीर केला आज." तो त्यांचा रोजचाच सूर असावा. मला तिथून नजर काढावीशी वाटली, पण निरीक्षकाने उमेदवारावरून नजर काढू नये असा नियम आहे.

मग त्यांनी ताट वाढलं. पोळ्या, आंब्याचा रस, वरण-भात, तळलेल्या कुरडया. ताट त्यांनी उंबऱ्यावर ठेवलं आणि त्या शेजारी बसून राहिल्या. ताट तसंच राहिलं. रसावर माशी बसली, ती त्यांनी हाताने उडवली.

"हे जेवल्याबिगर मी जेवत नाही," त्या म्हणाल्या. "अन् जेवल्याबिगर झोप येईन कशी?"

आता उमेदवाराच्या घरी निरीक्षकाने पाण्याच्या घोटाखेरीज काहीही घेऊ नये, हे माझ्या नेमणूकपत्रात छापलेलं आहे. मी अंबादासकडे पाहिलं. तो मजेत झोपला होता. "मी त्यांच्या वतीने जेवतो," मी म्हणालो. "प्रतिनिधी म्हणून. त्याची नोंद करतो."

पंचफुलाबाईंनी याचा थोडा विचार केला आणि त्यांना ते पटलं. मी मांडी घातली. त्यांनी मला अंबादासला वाढावं तसं वाढलं, म्हणजे नको म्हटलं की आणखी. "घ्या अजून, दुपारचं जेवन हाय." रस इतका गोड होता की मी दोनदा ‘प्रतिनिधी म्हणून’ म्हणायचं विसरलो. मग त्या जेवल्या. भांडी घासली. चूल सारवली. मांजरीला हाकललं. दाराची कडी पाहिली. आणि गाडीत जाऊन नवऱ्याच्या डोक्यामागच्या कोपऱ्यात बसून मान टेकली.

मी खाटेवर बसून इंडिकेटरकडे बघत होतो. बराच वेळ गेला.

"साहेब," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "तुमीबी झोपा ना."

"मला झोपता येत नाही, बाई. मी ड्यूटीवर आहे."

"घरात मानूस जागा असला तं मले झोप येत नाही. वाटते त्याले काही लागन."

मी कामावर आजवर कधी झोपलो नाही, हे वर सांगितलंच आहे. माझ्या आधीचे निरीक्षक एका डुलकीपायी घरी बसले होते. पण त्या कोपऱ्यात मान टेकून बसलेली ती बाई मला दिसत होती. मागच्या पोळ्यापासून बिचारीने सबंध झोप घेतलेली नव्हती, आणि त्याआधी तरी कधी घेतली होती? मी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि त्या खाटेवर आडवा झालो. रस पोटात होता, घराच्या खिडकीतला कूलर खसखस वाजत होता, खसाच्या ताट्यांचा ओला वास येत होता. मी झोपलो.

मला स्वप्न पडलं असं मी म्हणणार नाही, कारण मग नोकरी राहायची नाही. एवढंच सांगतो की त्या झोपेत माझ्या अगदी जवळून, खाटेच्या खालून जावा तसा, एक रस्ता गेला. त्यावरून कोणीतरी घाईघाईने चालत गेलं, बांगड्यांचा आवाज आला, आणि "जरा सरका साहेब" असं म्हटलं. मी सरकलो. उठलो तेव्हा मी खाटेच्या एका कडेला होतो.

गाडीचा डावा इंडिकेटर लुकलुकत होता. भिंतीवर त्याचा पिवळा उजेड येत होता, जात होता. पंचफुलाबाईंचं तोंड थोडं उघडं पडलं होतं आणि एक हात सीटखाली लोंबत होता. पदर कुठल्या कुठे गेला होता. त्या अशा झोपल्या होत्या की बघणाऱ्याला आपण पाय वाजवतोय की काय असं वाटावं.

उन्हं कलायला लागली तेव्हा अंबादासचा अंगठा हलला. मग तो उठून बसला. त्याने डोळे चोळले, स्वतःच्या ओल्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाला, "पानी दे व."

कोणी पाणी दिलं नाही. त्याने शेजारी पाहिलं आणि बायकोच्या खांद्याकडे हात नेला.

"हात लावू नका," मी म्हणालो. "परीक्षा चालू आहे."

मी त्याला सगळं सांगितलं. पोळा, दिवाळी, संक्रांत, गिरणीचं पत्र, परीक्षा. मग मी विचारलं, "आत अडकला होतात का तुम्ही?"

अंबादास सरळ माणूस होता, त्याने खोटं सांगितलं नाही. "अडकलो नव्हतो साहेब. बसलो होतो. तिकडं एक रस्ता हाय. दोन्ही बाजूनं झाडं, बुड नाही अन् शेंडा नाही. मधी एक पूल हाय, लहानसा. मी म्हटलं थोडंसं बसू, मंग पाहू काय ढिलं झालं ते. तिकडं कोनी बोलावत नाही साहेब, का अंबादास ये, गाडी बंद पडली. लय बरं वाटत होतं."

"आणि ही इथे बसली होती," मी म्हणालो. मला त्याचा राग आला, आणि तो मी लपवला नाही.

त्याने मान खाली घातली. "हे आली, तं मले वाटलं आता भांडते. भांडली नाही. तिनं पाहाल्याबरोबर सांगितलं, पुलाचा कठडा ढिला हाय म्हने, म्हनून गाडी पूल पाहून मागं फिरते. घट्ट केला. मंग माह्या बाजूले बसली. म्हने, तुमी व्हा पुढं, मी येईन." तो पुन्हा बायकोकडे बघायला लागला. "कधी येईन साहेब?"

"नियमात मुदत दिलेली नाही," मी म्हणालो.

दिवेलागणीला मी निघालो तेव्हा अंबादास चुलीपुढे उकिडवा बसून कणकेत पाणी घालत होता. पाणी फार झालं होतं.

मंडळात या प्रकरणावर चर्चा झाली. मोहोड साहेबांचं म्हणणं पडलं की उमेदवार जागी झालेली नाही, सबब तिसरी अट पुरी होत नाही. मी म्हणालो, साहेब, काम झाल्यावर जागं व्हायचं अशी अट आहे, आणि बाईंचं काम चालू आहे. कारण त्या आठवड्यापासून तालुक्यातल्या गाड्या आपोआप नीट व्हायला लागल्या होत्या. शाळेची गाडी शिट्टी वाजली की थरथरायची, ती थांबली. एका वकिलांची गाडी कायम डावीकडे कलायची, ती एका सकाळी सरळ चालायला लागली. या गाड्यांत कोणी झोपायला गेलं नव्हतं. आतले रस्ते एकमेकांना मिळत असले पाहिजेत, आणि त्या रस्त्यांनी कोणीतरी हत्यारं घेऊन सावकाश फिरत असलं पाहिजे. मोहोड साहेबांनी सही केली. परवाना निघाला. त्यावरचा फोटो नियमाप्रमाणे डोळे मिटलेला आहे, आणि मंडळाच्या इतिहासात इतका चांगला फोटो दुसरा नाही.

गिरणीने गाडी भंगारात काढली नाही. ती रोज सकाळी मोझरखेडहून आपली आपण निघते आणि गिरणीतल्या बायकांना घेऊन जाते. मागच्या सीटवर पंचफुलाबाई निजलेल्या असतात; ही गाडी जागी झाली की त्या दुसऱ्या एखाद्या झोपलेल्या गाडीच्या रस्त्यावर सरकत असाव्यात. बायका दाटीवाटीने पुढे बसतात, दार आपटत नाहीत, भांडण असलं तर उतरल्यावर करतात. जिची तिची जागा आली की गाडी बरोबर थांबते. संध्याकाळी ती अंगणात परत येते, आणि अंबादास चादर बदलतो.

त्याचा परवाना रद्द झाला होता, इतका काळ काम न करता आत राहिल्याबद्दल. पंचफुलाबाईंना आणायला जायचं तर त्याला पुन्हा परीक्षेला बसणं भाग होतं. तो श्रावणात आला. धुतलेला सदरा घातला होता, हाताला चटके बसल्याच्या खुणा होत्या. मोहोड साहेबांनी विचारलं, झोप कशी आहे, तेव्हा त्याने सदऱ्याची बाही त्या खुणांवर ओढून घेतली.

मी त्याला कडूनिंबाखालच्या गाडीत निजवलं. रिमझिम होती, हवा गार होती. तो पाठ टेकून छताकडे बघत राहिला. मी शेजारी बसलो. ज्याच्या तोंडातून अर्धं नाव बाहेर पडायच्या आत झोप लागायची, त्या माणसाचे डोळे टक्क उघडे होते.

"साहेब," बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "तिकडं तिले कोनी हाक मारत असन का?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्हीच सांगितलंत, तिथे हाक मारायला कोणी नाही."

पावसाचं पाणी काचेवरून खाली येत होतं आणि तो ते बघत होता.

"मंग कायले येईन ती?" तो म्हणाला.

मी त्याच्या नावापुढे ‘अनुत्तीर्ण’ लिहिलं आणि पुढच्या उमेदवाराला हाक मारली.